वेळेवर आलेली गाडी

"वरचा बर्थ म्हणे! माझ्या गुडघ्यांना काय पंख फुटलेत?"

नोवोत्नीसाहेब हे कुणालाच उद्देशून म्हणाले नव्हते, पण म्हणाले ते थेट गेसाच्या कानात. कॉफीहाऊसच्या त्या कोपऱ्यातलं बाकडं इतकं आखूड, की शेजारच्याचं पुटपुटणं आपल्याच घशातून निघाल्यासारखं वाटे. "जन्मभर पूल बांधले मी. आता म्हातारपणी शिडी चढून झोपायला जायचं!"

"नका चढू, इंजिनिअरसाहेब. तुम्हाला खालचा देते," गेसा म्हणाली. "पण मग वरून उतरणाऱ्याने अंधारात तुमच्या नाकावर पाय दिला, तर ओरडत माझ्याकडे यायचं नाही."

"तुमच्याकडे येऊन मिळणार काय? फार तर सहानुभूती. त्यापेक्षा नाक मोडलेलं बरं."

टेबलाभोवती हसू फुटलं. वेटरने वळून पाहिलं आणि हे लोक अजून एकेका कॉफीवरच बसलेत याची मनात नोंद करून तोंड फिरवलं.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी ते टेबल रातगाडीवाल्यांचं असे. व्हेनिस, झुरिक, वॉर्सा, जिथे कुठे रात्रीची गाडी जाते तिथे जाऊ इच्छिणारे आठ-दहा जण जमायचे. रीत अशी, की एकाने आपला प्रवास टेबलावर मांडायचा आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची, मुलीसाठी आलेल्या स्थळाची करतात तशी. कोणता डबा, कोणता बर्थ, मध्यरात्री गाडी तोडून अर्धे डबे भलतीकडे नेतात तेव्हा आपण कुठल्या अर्ध्यात असायचं, खिडकीकडे डोकं करायचं की दाराकडे. यातलं काही कुणाला अडलं, की सगळ्यांच्या माना गेसाकडे वळत. शिकवलं कुणी नव्हतं तिला. दहा वर्षांत चुका करत करत शिकली होती, आणि आता या टेबलावर तिचा शब्द शेवटचा होता.

सगळेच काही गाडीवेडे नव्हते. निम्मे इथे आले होते ते पृथ्वीच्या काळजीने विमान सोडलं म्हणून. या मंडळींत दारू प्यायल्याची कुणाला लाज वाटत नसे, विमानात बसल्याची वाटे. लॅटिनच्या निवृत्त मास्तरीण प्रोहास्काबाई भाच्याच्या लग्नाला एकदा तेनेरीफ बेटावर जाऊन आल्या होत्या. त्या अजूनही "मी जरा दक्षिणेला गेले होते" एवढंच सांगत, आणि बेटावर गाडी कशी जाते हे त्यांना कुणी विचारत नसे. एवढी माणुसकी टेबलावर होती.

आज प्रवास मांडायची पाळी खुद्द गेसाची होती. व्हिएन्ना ते हांबुर्ग, चार बर्थ. गेल्या वर्षी तिच्या आईची रक्षा बोटीतून समुद्राला दिली होती, आणि वर्ष झालं की तीच बोट नातेवाइकांना पुन्हा त्या जागी घेऊन जाते. जाणार होते गेसा, नवरा फेर्डी, ग्राझला शिकणारी मुलगी मिर्यम आणि गेसाची धाकटी बहीण वीबके. वीबके हांबुर्गचीच. आठवडाभर बहिणीकडे राहायला आली होती आणि परतताना यांच्याबरोबर जाणार होती. ती आत्ता गेसाच्या दुसऱ्या बाजूला बसली होती, उंच, हाडकुळी, निळ्या रेनकोटची बटणंही न काढता.

तिला इथे आणायचं गेसाच्या मुळीच मनात नव्हतं. "कंटाळशील गं," असं ती सकाळपासून तीनदा म्हणाली होती. पण वीबके म्हणाली, "बघू तरी तुझं मित्रमंडळ," आणि पायांत बूट चढवले. वीबकेला नाही म्हणणं सोपं नव्हतं. गेसाही तिकडचीच, पण इतकी वर्षं व्हिएन्नात काढून तिच्या बोलण्याला गोलाई आली होती. इथे नकार द्यायला तीन वाक्यं लागतात, आणि तिसऱ्यात समोरच्याची चौकशी करावी लागते. वीबकेचा नकार अजूनही एका शब्दात मावत असे.

गेसाला धास्ती होती ती एकाच गोष्टीची. प्रोहास्काबाईंनी ती हकीकत काढू नये. वीबकेसमोर नाही.

"तर चार जण," प्रोहास्काबाईंनी चष्मा नाकावर घेतला. "सहाचा कप्पा अख्खा घ्यावा, असं माझं मत. दोन अनोळखी माणसं कशाला मध्ये?"

"दोन बर्थ रिकामे नेणार? गाडीत जागा मिळत नाही म्हणून लोक रडतायत," नोवोत्नीसाहेब म्हणाले.

"त्यातला एक तुम्ही घ्या मग. खालचा."

"मी काय त्यांच्या आईच्या वर्षश्राद्धाला जाऊ? माझं काय नातं?"

"घोरण्याचं," टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं. पुन्हा हसू. वीबकेही हसली. गेसाचा जीव जरासा भांड्यात पडला.

"आणि तुम्ही येताना कोणत्या कप्प्यात होता, वीबकेबाई?" प्रोहास्काबाईंनी अगदी प्रेमाने विचारलं. "बायकांच्या की मिश्र?"

"मी विमानाने आले," वीबके म्हणाली.

भर जेवणात कुणी पोटाच्या तक्रारी सांगाव्यात, तसं झालं. एकाने पेल्यातलं पाणी प्यायलं. नोवोत्नीसाहेब छताकडे पाहू लागले, जणू तिथे त्यांचाच एखादा पूल होता.

"बसले, सँडविच खाल्लं, उतरले," वीबके पुढे म्हणाली. "सँडविच वाईट होतं, एवढं तुमच्या समाधानासाठी सांगते."

"नाही, नाही, आम्ही कुणाला नावं ठेवत नाही हं," प्रोहास्काबाई घाईने म्हणाल्या. त्या नावं ठेवायला लागल्या की आधी असंच म्हणत. "ज्याची त्याची अडचण असते. पण मी म्हणते, उदाहरण घ्यायला लांब कशाला जायचं? तुमच्या घरातच आहे की! गेसाबाई. गेल्या वर्षी..."

"प्रोहास्काबाई, सफरचंदाचं स्ट्रुडेल खाणार का?" गेसा म्हणाली. "मी मागवते सगळ्यांसाठी."

"नंतर घेऊ. गेल्या वर्षी यांच्या आई, म्हणजे तुमच्याही आई, अंथरुणाला खिळलेल्या. सकाळी फोन आला, लवकर या. दुसरं कुणी असतं तर धावत विमानतळ गाठला असता. मीसुद्धा गाठला असता, खोटं कशाला बोलू? पण गेसाबाईंनी शब्द दिला होता मुलीला. त्या रातगाडीनेच गेल्या. अशा वेळीसुद्धा! गाडीला उशीर झाला, भेट झाली नाही, पण शब्द मोडला नाही. मी तर ही हकीकत ओळखीपाळखीत सगळ्यांना सांगते. याला म्हणतात तत्त्व."

"खरंय," नोवोत्नीसाहेब म्हणाले, आणि तक्रारीवाचून बोललेला त्यांचा तो दिवसातला पहिला शब्द होता.

गेसाने टेबलावरचे साखरेचे कण बोटाने गोळा करायला सुरुवात केली. वीबकेकडे तिने पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. बहिणीचं न बोलणं तिला लहानपणापासून अंगाला कळे.

तत्त्व! वर्षभर हा शब्द तिच्या मागे लागला होता. सांत्वनाच्या पत्रांत आला, वाण्याच्या दुकानात आला. दर वेळी ती मान खाली घालायची, आणि लोकांना तो विनय वाटायचा.

खरं काय होतं ते तिला ठाऊक होतं. त्या सकाळी वीबकेचा फोन आला तेव्हा फेर्डीने संगणकावर दुपारच्या विमानातली जागा काढून ठेवली होती. फक्त बटण दाबायचं होतं. मिर्यम घरीच होती. शाळेत असताना हवामानबदलाविरुद्धच्या शुक्रवारच्या मोर्च्यांना जाणारी, एका नाताळाला सगळ्यांना जेवणावर अडवून "आपल्या घरात यापुढे कुणी उडणार नाही" अशी शपथ घ्यायला लावणारी मिर्यम. तीच रडत म्हणाली होती, "आई, जा. विमानाने जा. ती शपथ काही अशा दिवसासाठी नव्हती." गेसा म्हणाली, "नाही, शब्द म्हणजे शब्द." फेर्डीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि संगणक मिटला. त्यावर तो आजतागायत काही बोलला नव्हता.

मग गेसा बसली होती रातगाडीचं ठरवायला. किती हौसेने! बायकांचा कप्पा मिळतो का, खालचा बर्थ आहे का, चाकांवरचा नको, मधला बरा. सकाळच्या न्याहारीला काय हवं तेही निवडलं होतं: पाव, लोणी, जर्दाळूचा जॅम, कॉफी. हे सगळं ठरवत होती तोवर आई हांबुर्गमध्ये आजारी होती, नुसती आजारी, आणि गेसा तिच्याकडे निघाली होती. निघालेल्या माणसाला कुणी काही म्हणत नाही. पोहोचलेल्या माणसाला मात्र खोलीत जावं लागतं.

आणि रात्री तिला झोप लागली. गाढ. सकाळी अटेंडंटने ट्रे आणून दिला तेव्हा तिने दोन्ही पाव जॅम लावून खाल्ले, आणि ते तिला चांगले लागले. आई तोवर गेली होती.

"बरं, मुद्द्याचं बोलू," नोवोत्नीसाहेबांनी कागदावर एक रेघ ओढली. त्यांना भरून आलं की ते रेघा ओढत. "त्या वेळी उशीर नक्की कुठे झाला होता, गेसाबाई? म्हणजे यंदा तीच गाडी धरायची तर ते हिशेबात घेऊ. बोट काय तुमच्यासाठी थांबणार नाही."

"न्यूर्नबर्गला," गेसा म्हणाली. तोंडातून आपसूक निघालं. "डबे तोडतात ना तिथे. काहीतरी अडकलं होतं."

"म्हणजे इंजिन की जोडणी?"

"नीट आठवत नाही. झोपेत होते."

"तोडायला वेळ लागला की पुढे जोडायला? कारण जोडायला लागला असेल तर..."

"गाडी वेळेवर आली होती," वीबके म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. चष्म्याच्या दुकानात काम करायची ती, आणि गिऱ्हाइकाला नंबर सांगावा तसं तिने सांगितलं. "मी फलाटावर उभी होते. घड्याळाखालीच. गाडी अगदी वेळेवर आली."

नोवोत्नीसाहेबांची पेन्सिल हवेतच राहिली. प्रोहास्काबाईंनी गेसाकडे पाहिलं, मग वीबकेकडे, मग आपल्या कॉफीच्या शेजारच्या चमच्याकडे. चमचा त्यांनी उचलला, पालथा केला, पुन्हा ठेवला.

"असेल, असेल," त्या म्हणाल्या. "दुःखात काही लक्षात राहत नाही माणसाच्या. माझे हे गेले तेव्हा मी दोन दिवस वार चुकत होते."

त्या बिचारीने दार उघडून धरलं होतं, गेसाने फक्त बाहेर पडायचं होतं. "हो ना, माझीच काहीतरी गल्लत" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ते खोटं आता तिच्या तोंडून फुटेना. आणि खरंही फुटेना. ती साखरेचे कण गोळा करत राहिली, आणि ते संपले तेव्हा तिने हात मांडीवर घेतले.

"खालचे दोन, मधले दोन," नोवोत्नीसाहेब कागदाकडे बघत म्हणाले. "मी असतो तर असंच केलं असतं."

कुणी चिरफाड केली नाही. गेसाचा प्रवास त्या टेबलावर पहिल्यांदाच असा बिनविरोध पास झाला.

गेसाने कोट घेतला आणि दोघी बाहेर पडल्या. ट्रामचा थांबा समोरच होता, आणि एक ट्राम उभीही होती, पण वीबके तिच्याकडे न बघता चालू लागली. गेसा तिच्या मागोमाग. फुटपाथ अरुंद, समोरून माणसं येत होती, त्यामुळे शेजारी-शेजारी चालणं जमत नव्हतं, आणि त्याचं गेसाला बरंच वाटलं. बहिणीच्या पाठीशी बोलणं सोपं जातं.

"सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?" ती म्हणाली.

"ते गाडीचं विचारत होते. मी गाडीचं सांगितलं."

"मी आता कुठल्या तोंडाने जाऊ तिथे?"

"आहे त्याच. दुसरं आहे का?"

हे लहानपणीचं भांडण होतं, दोघींनाही पाठ असलेलं. क्षणभर गेसाला वाटलं, एवढ्यावरच निभावेल. घरी जाऊन बटाटे सोलू, फेर्डी वाईन उघडेल, आणि हा विषय फ्रिजच्या मागे पडलेल्या बरणीसारखा आणखी एक वर्ष तिथेच राहील.

एका बंद दुकानाच्या कोनाड्यात वीबके थांबली आणि वळली.

"मिर्यमने मला फोन केला होता. मी म्हणूनच आले, तुझ्या घराचे नवे पडदे बघायला नाही."

"मिर्यमने? काय झालं तिला?"

"तिला काय झालं ते तुला दिसत नाही? पोरगी अर्धी झालीय. हल्ली तुमच्या टेबलाकडे फिरकत नाही ती. का, विचारलंस कधी?"

"अभ्यास असतो तिला."

"रडत होती फोनवर. म्हणाली, मावशी, माझ्या त्या मूर्ख शपथेपायी आईला आजीची भेट मिळाली नाही. मला बोटीवर न्यायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी एकटीला न्या, आई आणि आजी, दोघींसमोर मी उभी राहू शकत नाही. असं म्हणाली."

गेसाने भिंतीला हात टेकला. भिंत थंड होती. वर्षभर ती स्वतःच्या लाजेत इतकी बुडालेली, की त्या लाजेची सावली दुसऱ्या कुणावर पडली असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. नव्हतं असं तरी कसं म्हणावं? नाताळच्या जेवणात मिर्यम तिच्या नजरेला नजर देत नव्हती, ते तिने पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि बश्या उचलायला उठली होती.

"मी तिला तसं कधी बोलले नाही," ती म्हणाली.

"तसं नाही, हेही बोलली नाहीस."

"सांगेन मी. जाताना गाडीत सांगेन. आपण चौघं असू कप्प्यात, दार लावलेलं, दिवा..."

"परत गाडी!" वीबके हसली, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "सगळं गाडीतच करायचं तुला. बर्थ ठरला की करीन, दिवा मालवला की करीन. आणि सकाळ झाली की आलंच आपलं स्टेशन."

गेसाला काहीतरी बोलायचं होतं. तीन वाक्यांचं, गोल, व्हिएन्नातलं. पहिलंच जुळेना. शेवटी तिने फक्त विचारलं, "आईने विचारलं होतं का माझं? तू कधी बोलली नाहीस."

"तूही कधी विचारलं नाहीस." वीबकेने रेनकोटचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं. "विचारत होती. मी सांगत होते, निघालीय, गाडीत बसलीय. ती म्हणाली, गेसाला गाडीत छान झोप लागते, झोपू दे तिला."

रस्त्यावरून एक बाई कुत्र्याला घेऊन गेली. कुत्रा दोघींपाशी थांबला, वास घेतला, आणि ओढला गेला. गेसा रडत नव्हती. रडण्याइतकंही आपल्याला काही शोभत नाही, असं तिला वाटत होतं.

"ऐक," वीबके म्हणाली. तिचा आवाज आता फलाटावरचा नव्हता, आईच्या स्वयंपाकघरातला होता. "तू विमान सोडलंस ते पृथ्वीसाठी नाही. मिर्यमच्या शब्दासाठी तर नाहीच. आईला मरताना बघायचं नव्हतं तुला, म्हणून सोडलंस. बघायचं मलाही नव्हतं गं. पण मी आईच्या खालच्याच मजल्यावर राहत होते."